ताईकडे राहायला जाताना

कमी सामान नेणं ही कला आहे आणि आमच्या घरात ती फक्त मला येते, असं बरीच वर्षं माझं प्रामाणिक मत होतं. आमची ही दोन दिवसांसाठी गावी निघाली तरी चाकांची मोठी बॅग काढते आणि तीत कपडे वाळत घालायची दोरी, चिमटे, थर्मास आणि अर्धं औषधांचं दुकान भरते. ठाण्यात खोपटच्या डेपोत एसटीची वाट बघताना ती त्या बॅगेवर बसून राहते आणि मी माझी झोळी खांद्यावर मिरवत तिच्यासमोरून फेऱ्या मारतो. ती माझ्याकडे बघतही नाही.

तर अशा या कलावंताला गेल्या हिवाळ्यात ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, डोंबिवलीला कोपरमध्ये राहते. भावोजी आता नाहीत, भाचा नोकरीसाठी पुण्यात. तिची चाळ पाडून तिथे इमारत झाली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एक खोली जास्त मिळाली. ती तिने पाहुण्यांसाठी म्हणून सजवली, पण पाहुणा काही मिळेना. आमचे सगळे नातेवाईक ठाणे ते कल्याण या पट्ट्यात. येतात, मटण-वडे हाणतात आणि रात्र झाली की चपला शोधायला लागतात. "निघतो गं, जवळच तर आहे." त्यात खाडीवर नवा पूल झाला आणि उशीर झाला म्हणून राहायची उरलीसुरली सबबही गेली. चाळीतल्या एका खोलीत आम्ही सगळे ओळीने झोपायचो, कुणाचे पाय कुणाच्या डोक्याशी याचा पत्ता नसायचा. आता पलंग आहे, गादी आहे, पंखा आहे, फक्त झोपायला माणूस नाही.

"जेवायला नको येऊस," ताई फोनवर म्हणाली. "राहायला ये रे एकदा. या घरात अजून कुणी राहिलं नाहीये." तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मी म्हटलं, शनिवारी येतो, दोन रात्री राहतो.

शनिवारी मी एक लेंगा, एक सदरा, टूथब्रश आणि चष्म्याचं घर एका कापडी पिशवीत टाकलं. वर जागा उरली. "अहो, राहायला चाललाय ना? नीट बॅग न्या की," ही म्हणाली. "ताईकडे टॉवेलांचा दुष्काळ पडलाय का?" असं तिला ऐकवून मी घरून, कोलशेतहून निघालो.

ताईने दार उघडलं. ठेवणीतली साडी नेसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, मग माझ्यामागे लिफ्टकडे. समोरच्या काकूही आपल्या दारात येऊन उभ्या होत्या.

"बॅग मागून येतेय वाटतं?" काकू म्हणाल्या.

"हीच की," मी पिशवी उंच धरून दाखवली. केवढ्या अभिमानाने दाखवली, आठवलं की आजही कसंतरी होतं.

ताई आत गेली. चहा आला. मग ती म्हणाली, "भात लवकरच लावते. तुला निघायला उशीर नको."

मला वाटलं, गंमत करतेय. "अगं, राहणार आहे मी!"

"असली पिशवी घेऊन मी दूध आणायला जाते," ती म्हणाली. "राहायला येणारा माणूस असा येतो होय रे? जमलं तर राहीन, नाहीतर पिशवी उचलून सटकेन, तसा आलायस तू. काकूंना आठवडाभर सांगतेय, भाऊ येतोय, राहायला येतोय." मी पिशवीतून लेंगा काढून पुरावा म्हणून दाखवला. तिच्यावर त्याचा काही परिणाम झाला नाही.

पिशवी ठेवायला मी त्या खोलीत गेलो आणि कपाट उघडलं. एक अख्खी बाजू माझ्यासाठी रिकामी केली होती. कप्प्यांवर स्वच्छ कागद अंथरलेला, कोपऱ्यात डांबरगोळ्या, आणि दांडीला नवेकोरे हँगर ओळीने लावलेले. मी माझी पिशवी मधल्या कप्प्यात ठेवून पाहिली. कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखी दिसत होती. मला फार वाईट वाटलं. ताईने त्या हँगरांसाठी खास बाजारात फेरी मारली असणार आणि मी सदरा आणला होता एक.

गॅलरीत जाऊन मी हिला फोन लावला. "उद्या सकाळी इकडे ये. तूही राहा. आणि येताना माझे कपडे भरून आण, त्या चाकांच्या बॅगेतून."

पलीकडून प्रश्न आला, "कोण बोलतंय?"

रविवारी सकाळी चाकांचा खडखडाट पॅसेजभर ऐकू आला. काकूंचं दार उघडलं, शेजारचंही उघडलं. ही मुद्दाम हळू चालत होती, असा मला दाट संशय आहे. बॅगेत शर्ट होते, पँटी होत्या, स्वेटर होता, लग्नकार्यात घालायचा सफारी होता आणि भर हिवाळ्यात छत्रीही होती. एरवी मी त्या छत्रीवरून हिला दिवसभर छळलं असतं. ताईने एकेक कपडा झटकून हँगरला लावला. काकू दारातून बघत होत्या, तेव्हा सफारी लावायला तिने जरा जास्तच वेळ घेतला. दिवसभर ती गुणगुणत होती.

सोमवारी निघताना मी कपाट उघडलं. ताई चिवड्याचा डबा हातात धरून उभी होती आणि कपाट सोडून सगळीकडे बघत होती. मी सफारी काढला, छत्री काढली, पँटी काढल्या. शर्टांशी आलो आणि हात पुढे जाईना.

"हे राहू देत गं इथेच," मी म्हटलं.

"राहू देत," ती म्हणाली. पुढे होऊन तिने स्वतःच कपाट लावून टाकलं, माझा विचार बदलायच्या आत.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "तुझे शर्ट धुतले आज."

"अगं, मी घातले कुठे होते ते?"

"ठेवून ठेवून कुबट वास येतो," ती म्हणाली. मागून काकूंचा आवाज आला, दोरीवर हे कुणाचे शर्ट म्हणून त्या विचारत होत्या. फोन तोंडापासून लांबही न धरता ताई म्हणाली, "माझ्या भावाचे. त्याचे कपडे इथेच असतात."