शाडूच्या भाकरी

एरंडोलला आमच्या शेजारी चुडामण सर राहतात. शाळेत ते आम्हाला चित्रकला आणि हस्तकला शिकवायचे. शाडूचा तास संपला की बाकांवरची, फरशीवरची, अगदी आमच्या नखांतलीसुद्धा माती गोळा करायचे. वाळलेले, फुटलेले तुकडे बादलीत टाकून वर पाणी. "ढवळू नका रे, तिची ती विरघळते," म्हणायचे. दोन दिवसांनी वरचं पाणी ओतून टाकायचं, गाळ जुन्या धोतरावर पसरायचा, मळायचा, की झाली माती तयार. मागच्या वर्षीच्या मुलांचे हत्ती यंदा आमचे माठ व्हायचे. तळाची पातळ मातीची राबडी तुटलेले कान-कडी चिकटवायला. आणि खडे-कचरा मिसळलेल्या मातीत कडुनिंबाच्या बिया घालून गोळे वळायचे, ते आम्ही पद्मालयाच्या गणपतीच्या वाटेला टाकून यायचो.

त्यांच्या पत्नी रत्नाबाई मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. सत्तावीस वर्षं त्यांनी रोज साठ पोरींच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या.

सर निवृत्त झाले आणि तीन वर्षांत रत्नाबाई विसरायला लागल्या. आधी भाजीतलं मीठ, मग बाजारातून घरी यायची वाट. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार मागे फिरत नाही, जपायचं एवढंच. डोक्यातलं सगळं पुसत चाललं, पण हात काही विसरले नाहीत. सकाळचे नऊ वाजले की त्या स्वयंपाकाला उठायच्या. "पोरी येतीन. भाकरी टाकन्या शेतस."

घरभर पीठ व्हायचं. एकदा गॅस पेटवून तशाच उठून गेल्या आणि फडकं पेटलं. बोटं भाजली. तेव्हापासून सरांनी स्वयंपाकघराला कुलूप लावलं. मग त्या दाराशी बसून रडायच्या. दार वाजवत म्हणायच्या, "पोरी उपाशी शेतस हो!" आम्हाला भिंतीपलीकडे घास उतरायचा नाही.

एका सकाळी आवाज आला नाही म्हणून मी धावत गेले. रत्नाबाई ओसरीवर परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. परातीत शाडू होता. शाळा सोडताना सरांनी उरलेली माती घरी आणली होती, तीच भिजवून त्यांनी मळायला दिली होती. त्या गोळे वळत होत्या, पाणी लावून थापत होत्या, थंड तव्यावर टाकून उलटत होत्या. चेहरा अगदी निवांत.

दुपारपर्यंत वीस-पंचवीस भाकरींची चवड झाली. सर ताट घेऊन समोर बसले आणि जेवल्यासारखं केलं.

"आखो ले," त्या म्हणाल्या.

"बस. पोट भरलं गं."

संध्याकाळी त्यांचा डोळा लागला की सर त्या भाकरी मोडून भिजत घालायचे. दुसऱ्या दिवशी तीच माती परत परातीत. असं दीड वर्ष चाललं. एकदा मला म्हणाले, "सुनिता, पोरांना जन्मभर सांगत आलो, आकार मोडला तरी माती कुठे जात नाही. आता रोज मोडतो, तर हात उचलत नाही."

त्यांची एकुलती एक मुलगी वृषाली नाशिकला असते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. रत्नाबाईंनी तिला ओळखलं नाही, ताट मात्र वाढलं. ताटात मातीची भाकर पाहून वृषाली भडकली.

"आप्पा, आईच्या हातात माती देता? खेळणं केलंत तिचं?"

 वृषालीच्या डोळ्यांना पाणी आलेलं पाहून रत्नाबाईच पुढे सरकल्या.

"रडू नको व माय. नवीन शे का तू? मायनी याद येस का?"

वृषालीनं ताट पुढे ओढलं. मग म्हणाली, "हो. खूप येते."

"खाई ले. आखाजीले घर जाशी."

मातीच्या हातांनी त्यांनी तिचं डोकं कुरवाळलं. वृषालीनं पुन्हा वडिलांना एक शब्द विचारला नाही. होती तितके दिवस ती आईसमोर ताट घेऊन बसत राहिली.

थंडीत हातही थांबले. एका दिवशी चारच भाकरी झाल्या, पाचवी अर्धी थापून त्यांनी परात बाजूला सारली. सरांनी रोजच्यासारखं सगळं भिजत घातलं. दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी परातीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दीड महिना त्या अंथरुणावर होत्या. संक्रांतीच्या आधी गेल्या.

दहावा झाला, पाहुणे पांगले. वृषालीनं विचारलं, "आप्पा, आईच्या हातची एखादी भाकर ठेवलीय का? मला न्यायचीय."

सर उठून मागच्या दारी गेले. कोपरापर्यंत हात बादलीत घालून चाचपडू लागले. हाताला नुसता गाळ लागत होता.

"मला काय माहीत, त्या शेवटच्या होत्या म्हणून," ते म्हणाले आणि तिथेच खाली बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. वृषालीनं पदरानं त्यांचे हात पुसले.

तिनं खूप आग्रह केला, पण सर नाशिकला गेले नाहीत. जूनमध्ये शाळा उघडली तशी बादलीतली सगळी माती रिक्षात घालून स्वतः शाळेत पोहोचवून आले. पोळ्याला मुलांनी तिचे बैल केले, रंगवले, वर्गाच्या खिडकीत ओळीनं मांडले. चित्रकलेच्या नव्या बाई सरांना ते बघायला बोलवायला घरी आल्या होत्या.

सरांनी त्यांना चहा दिला. बैल छान झालेत का, विचारलं. पण गेले नाहीत.