नातीची पाठराखीण होऊन हैदराबादला

ज्यांची लेक किंवा नात लांब शिकायला निघाली आहे, त्यांनी एकदा तरी तिच्यासोबत जाऊन यावं. मला अक्षर येत नाही; मी सांगते आणि दिवाळीला आलेली नात मनीषा टाइप करते. तिनं मध्ये स्वतःची बाजू घुसवायची नाही, एवढीच अट.

मनीषाला हैदराबादला पीएचडीला जागा मिळाली, तीही सरकारी शिष्यवृत्तीवर. विषय टायटॅनियम, म्हणजे विमानाच्या इंजिनातला, भट्टीत वितळवायचा धातू. आमच्या साखरा गावात विमान दिसतं ते ढगांच्या वर. तिचा बाप, माझा दत्ता, हट्टा गावच्या स्थळाला होकार द्यायच्या बेतात होता. शेवटी म्हणाला, "माय, नवरीसंगं पाठराखीण जाती ना, तशी तू जा. जागा पटली तर राहू दे, न्हाई तर पोरगी घेऊनच ये."

बापासमोर या पोरीचं तोंड कधी उघडलंच नाही.

सकाळच्या एसटीनं हिंगोली, तिथून कळमनुरीमार्गे वारंगा फाटा. केस पिकले असतील तर अर्धं तिकीट मागा. कंडक्टर वय विचारतो, लाजू नका. फाट्यावर खिचडी खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ नका. कढी पुन्हा मागितली तर देतात. शेजारच्या बाकावरच्या बाईनं विचारलं, "पोरगी सासरी चालली का?"

"व्हय."

"जावई कुठं असतो?"

"भट्टीत." मनीषाला ठसका लागला.

नांदेडला हैदराबादची गाडी धरली. खिडकीची जागा मिळाली तर कंबर मोडते, पण जीव रमतो.

तिथल्या गाईड मॅडम म्हणजे मी सासूच धरली. मोडकंतोडकं मराठी बोलत होत्या, चेहरा कडक. भट्टी दाखवली. मनीषा म्हणाली, "आजी, आधी आतली हवा काढून घेतात. तापलेल्या टायटॅनियमला हवा लागली की ते ठिसूळ होतं."

"म्हणजे बाळंतीणच की. वारं लागू द्यायचं न्हाई!"

मॅडम हसल्या. मग फळ्यावर काहीतरी काढून पोरीला काम समजावू लागल्या. तेवढ्यात मनीषा म्हणाली, "न्हाई मॅडम. असं केलं तर तडा जाईल."

मी तिला चिमटा काढला. पहिल्याच दिवशी सासूला उलटं बोलती! मॅडमनी फळ्याकडं एकदा पाहिलं. मग खडू तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "दाखव."

पोरगी फळ्याशी उभी राहून बोलत राहिली, मॅडम खुर्चीत बसून ऐकत राहिल्या. मला एक शब्द कळला नाही. पण पोरीचा एवढा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. मी पिशवी आवरली. माझी एकटीचीच.

निघताना पाठराखिणीला लुगडं देतात, ही रीत मनीषानंच मॅडमना सांगितली असणार. त्यांनी भट्टीतून निघालेलं, उरलेलं बटणासारखं टायटॅनियम माझ्या हातावर ठेवलं. लुगड्याहून हलकं होतं, पण मान म्हणून घेतलं.

घरी परतले तर दत्ता दारातच उभा होता. "पोरगी कुठाय?"

"सासरी."

"अन् सासू कशी हाय?"

"पोरीचं ऐकती. तुझ्यापरीस बरी."

मी बटण दत्ताच्या हातावर ठेवलं. ते बटण रात्रीपर्यंत हातात फिरवत बसला. सकाळी हट्ट्याहून फोन आला.

"पोरगी दिली आमी," दत्ता म्हणाला. पलीकडून विचारलं असावं, कोणाला? त्यानं बटणाकडं पाहिलं. "मोठं घर हाय. विमानवाले."

बटण अजून त्याच्याच खिशात आहे. मान माझा होता.