वायोला आजींनी मोजलेले एकतीस देवमासे

उत्तर ध्रुवाकडच्या टुकटोयाकटुक गावाच्या उथळ खाडीत पांढरे देवमासे किती येतात, हे वायोला आजी सत्तावीस उन्हाळे कड्यावर बसून मोजत आल्या होत्या. एक देवमासा दिसला की डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात. संध्याकाळी आकडा वहीत. आता असली मोजणी शास्त्रीय कशी असणार? म्हणून गेल्या उन्हाळ्यात जहाज कंपनीनं चार दिवस खाडीतून जहाज नेऊन पाहिलं, पाण्यात ऐकणारं यंत्र सोडलं, आणि एप्रिलमध्ये ग्रेगरी नावाचा तरुण त्याचा अहवाल घेऊन गावच्या सभागृहात आला. जुलैत, गावाच्या देवमाशांच्या शिकारीच्या ऐन दिवसांत, खाडीतून जहाजं न्यायची की नाही, ते आज ठरायचं होतं.

मुलगा गोड होता. पाहुणचाराला वाढलेली देवमाशाची कातडी त्यानं दोनदा मागून खाल्ली.

"जहाज आलं त्या चारही दिवशी देवमाशांचा एकही आवाज नाही," तो म्हणाला. "म्हणजे ते तिथं नव्हतेच. मग त्रास कुणाला?"

"हुशार आहे हो," आजींचा धाकटा भाऊ रोलंड पुटपुटला. "मी दुपारी डुलकी काढली, तर हा माझ्या मृत्यूचा दाखला काढून मोकळा होईल."

"कुणाची हरकत?" ग्रेगरीनं कागदातून डोकं न काढता विचारलं.

चाळीस माणसांनी नाकं आक्रसली. इथं नकार असाच देतात. पाहुण्याला तोंडावर 'नाही' म्हणणं अगदीच उद्धटपणाचं. टेबलावरच्या रेकॉर्डरला नाकं ऐकू येत नाहीत. 'हरकत नाही,' ग्रेगरीनं लिहिलं.

आजी उठल्या. "बाळा, पहिल्या जहाजाच्या दिवशी मी एकतीस मोजले. किनाऱ्याला चिकटून होते सगळे."

"मग आवाज का नाही, आजी?"

"दारात अस्वल आलं, तर तू गाणं म्हणशील?"

सभागृह खदखदून हसलं. "पण... हरकत तर कुणी घेतलीच नाही," तो गडबडून म्हणाला.

"वर बघ."

त्यानं वर पाहिलं. चाळीस नाकं, अजून तशीच. "हे... जरा मोठ्यानं सांगाल का? यंत्रासाठी?"

सत्तर वर्षांत आजींनी पाहुण्याला कशालाच नाही म्हटलं नव्हतं. त्या कानापर्यंत लाल झाल्या, रेकॉर्डरवर वाकल्या आणि म्हणाल्या, "नको." मग रोलंड, मग ओळीनं सगळे, प्रत्येक जण आधी ग्रेगरीची माफी मागून.

त्या जुलैत जहाजं बाहेरच्या खोल पाण्यातून गेली. सुधारित अहवालात कारण दिलं होतं, 'तांत्रिक'. आजींचं म्हणणंही त्यात होतं, शेवटच्या पानावर, 'इतर आवाज' या सदरात.