कोतवालाची चुगली: इंद्रवेल्लीच्या जंगलात कान लावून

शाळा मी नववीत सोडली. धडा मोठ्यानं वाचायले उभं केलं का माहा आवाजच निघे ना. तवापासून घरी, कापसात. मंग दिवाळी झाल्यावर इंद्रवेल्लीच्या मावशीचा फोन आला. म्हणे, जंगलात येतं का, बोलायचं काईच नाई, निस्तं आयकायचं. मी लगेच हो म्हटलं.

मावशी तिथं शाळेत मास्तरीण हाय. दर महिन्याले ती जंगलातले आवाज लिहून ठेवते. आवाजावरून जंगल सुदरून राह्यलं का बिघडून, ते समजते म्हणे. तिच्या जोडीच्या बाईची बदली झाली, म्हणून तिले दर महिन्यासाठी कोणीतरी पाह्यजे होतं. ते मी व्हावं असं मले लय वाटे. पण तिनं सांगतलं होतं, एक डाव येऊन पाह्य, जमलं तर पुढचं बोलू.

आमचं गाव बेल्याकडं, पैनगंगेच्या कडेले. ज्यायले जायचं हाय त्यायनं आदिलाबादच्या स्टँडवरून उटनूरची बस धरा, इंद्रवेल्ली वाटेतच लागते. गुडीहत्नूरपर्यंत हायवे, मस्त. तिथून वळलं का रस्ता बारीक, दोन्हीकडं कापूस, मंग साग लागते. बायायले तिकीट फुकट, निस्तं आधार कार्ड दाखवायचं. कंडक्टरनं "एक्कडिकी?" इचारलं, म्हंजे कुठं जायचं. मी फोनवर तेलगूत गावाचं नाव लिहूनच ठेवलं होतं, ते पुढं केलं. तो मराठीत म्हणे, "तोंड घरी ठेवून आली का बाई?" सारी बस हासली. गुडीहत्नूरले बस थांबते, तिथं वीस रुपयात गरम मिरचीभजे भेटतात. मले तर मागताच आले नाई.

दुसऱ्या दिवशी फटफटलं तवा निंगालो. संगं जंगूमामा. मामा गोंड हाय, तिथल्याच गुड्यातला, म्हंजे पाड्यातला. गावानं जंगलाचा एक तुकडा चराईले बंद केला हाय, त्याची राखण मामाकडं. वाटभर मामा बोलत होता अन् मी नाई. शेवटी त्यानं मावशीले इचारलं, पोरगी मुकी हाय का? मावशी म्हणे, मुकी नाई, बोलणं वाचवून ठेवते.

बसायची रीत सोपी हाय, तुमीबी करून पाहा. कोऱ्या कागदाच्या मधात एक टिंब काढायचं, ते आपण. मंग दहा मिनिटं गप बसायचं अन् आवाज जिकडून येईल तिकडं खूण करायची. पयले मले निस्ता गोंधळ आयकू आला. मंग हळूहळू सुटा झाला. खाली गवतात किडे, मधात बुलबुल, वर राघू. जो तो आपली जागा धरून, कोणी कोणाचं बोलणं तोडत नाई. मले लय बरं वाटलं.

मंग बंद तुकड्यात बसलो. मावशीच्या फोनात एक ॲप हाय, आवाज आयकून पाखराचं नाव सांगते. शिक्रा, सुतार, सातभाई, रानकोंबडा, एकामागून एक नावं येऊन राह्यली. मावशी खूश. मामा तर छाती फुगवून. "राखण कोणाची हाय?"

मी माहा कागद पाह्यला. साऱ्या खुणा एकाच मोहाच्या झाडावर. अन् दोन आवाज एकदम कवाच आले नव्हते. मले समजलं. मावशीनं पेन काढला. लिहिलं का झालं, मंग दर महिन्याले चुकीच्या यादीसंग ताळा होणार.

"मावशे, नोको लिहू. ते एकच हाय."

"कोण एकच?"

"कोतवाल. लांब शेपटीचा. साऱ्यायचे आवाज तोच काढून राह्यला."

मावशीनं कागद घेतला. मामानं वर पाह्यलं. काळं पाखरू, शेपटीले दोन तारा लोंबून राह्यल्या. मामा हासला, म्हणे, गावातला कोतवालबी असाच, दवंडीत आवाज त्याचा अन् हुकूम तहसीलीचा.

तेवढ्यात त्या पाखरानं बकरीसारखा आवाज काढला. म्यँ म्यँ.

मावशी म्हणे, "मामा, आयकल्याबिगर हे आवाज काढत नाई. बंद जंगलात हे बकरीचा आवाज कुठं शिकलं?"

मामा डोक्याचा रुमाल सोडून परत बांधू लागला. मंग हळूच म्हणे, "दोनच हायेत. माह्याच. तिसरी गाभण हाय, ते येत नाई."

मावशी इतकी हासली का ते पाखरूच उडालं. ॲपवरची सहा नावं सोडून देली, यादीत एकच लिहिलं, कोतवाल, अन् खाली: बकऱ्या, दोन. मामा म्हणे, मुकी म्हटलं ते वापस घेतो, हे तर कोतवालापेक्षा भारी निंगाली.

येताना बसमधी तोच कंडक्टर. मी म्हटलं, "आदिलाबाद." त्यानं तिकीट फाडून देलं. यावेळी भजे दोन प्लेट खाल्ले.

घरी आल्यावर सकाळी आमच्या कापसात कागद घेऊन बसली. दहा मिनिटं. चारी बाजू कोऱ्या, खाली किडाबी नाई; फवारणी किती होते ते मले ठाऊकच हाय. फक्त वावराच्या कडेले धुऱ्यावरच्या बोरीकडं पाच खुणा, अन् त्यातले दोन आवाज एकदम आलेले. बाबा कुऱ्हाड घेऊन त्या बोरी तोडायलेच आले होते. मी कागद दाखवला अन् सारं सांगतलं, मोठ्यानं. बाबा कागदापेक्षा माह्याकडंच जास्त पाहून राह्यले होते. मंग कुऱ्हाड उचलून घराकडं गेले.

सांजच्याला मावशीचा फोन आला. मी उचलला अन् तिच्या पयले मीच बोलली, "मावशे, पुढच्या महिन्याले कवा येऊ?"