चारही नव्वद

फोरमन कुठल्या कारखान्यात फोरमन होता, असं विचाराल तर तो स्वतःच हसेल. कुठेच नव्हता. तरुणपणी दुसऱ्यांच्या गॅरेजात राबताना सगळ्यांवर हुकूम सोडायची खोड, म्हणून कुणीतरी चेष्टेनं ठेवलेलं नाव आज त्याच्या गॅरेजच्या पाटीवर आहे. हुकूम ऐकणारं माणूस मात्र एकच उरलंय, त्याची बायको. तेही गॅरेजात. घरात पाऊल टाकलं की हुकमांची दिशा बदलते.

कॉम्प्रेशन बघायला दोघं लागतात. एक बॉनेटखाली, एक स्टिअरिंगवर. प्लग काढायचे, एकेका भोकात गेज बसवायचं, सेल्फ मारून इंजिन नुसतं फिरवायचं आणि आतला पिस्टन हवा किती जोरानं दाबतोय ते काट्यावर वाचायचं. तेवढा वेळ ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला हवा. नाहीतर आत हवाच धड जात नाही, मग पिस्टन दाबणार काय, कपाळ? तीस वर्षं हे दोघं ते असं करतात: तो ओरडतो, "पाय!" ती दाबते. "मार!" ती सेल्फ मारते. "बस!" ती सोडते. नव्या गिऱ्हाइकाला वाटतं, कवायत चाललीय.

आणि आता त्यांच्या मुलीला मुलगी झाली. पहिलीच नात, तीही घाटापलीकडे. बाईनं माळ्यावरचा सागवानी पाळणा उतरवला, पुसला, तेल लावलं. बसवाले तो घेणार नव्हते. घरची निळी गाडी होती, बावीस वर्षांची.

"तिचं इंजिन बसलंय," फोरमन म्हणाला. "चढावर धापा टाकते. आपण बसनं जाऊ."

"आणि पाळणा?"

"तिकडे नवा घेऊ की."

झालं. त्या 'नवा'वर बाईचं तोंड मिटलं ते मिटलंच. तिसरा दिवस उजाडला तरी अबोला सुटेना. निरोप्याचं काम शेजारच्या पंक्चरवाल्याकडे आलं.

"काकांना सांग, चहा निवतोय."

"काकूला सांग, मला डोळे आहेत."

"अहो, मी पंक्चर काढतो," तो कळवळला, "टपाल नाही वाटत!"

शेवटी फोरमननं त्याच्याच तोंडून तोड पाठवली. गेज काय म्हणेल ते ऐकायचं. दीडशेच्या आसपास आलं तर पाळण्यासकट निघायचं, शंभराच्या खाली आलं तर गुमान बस. बाईनं मान हलवली. पंक्चरवाला सुटलो म्हणत आपल्या टपरीत पळाला.

फोरमननं इंजिन गरम करून घेतलं, चारही प्लग काढले, ठिणगीची वायर सोडवली, पहिल्या भोकात गेज पिळलं. बाई स्टिअरिंगवर बसली. आता बोलायचं कसं? पठ्ठ्यानं पान्यानं बॉनेटवर ठोका दिला. बाईनं सेल्फ मारला. दुसरा ठोका, ती थांबली. काटा नव्वदवर. दुसरं भोक, नव्वद. तिसरं, नव्वद. चौथंही नव्वद.

पैज त्यानं जिंकली होती. बाई खाली उतरली, काट्याकडे बघितलं आणि पाळण्यावर जुनी चादर टाकायला गेली. जिंकलेल्या माणसानं जरा ऐटीत जेवावं ना! हा ताटात नुसता भात चिवडत बसला. एक कारण ती चादर. दुसरं, ते चार नव्वद.

पिस्टनभोवतीची रिंग झिजते, व्हॉल्व्ह गळतो, तो एखाद्या सिलिंडरचा. हेडचं गॅस्केट गेलं तर शेजारशेजारचे दोन खाली येतात. पण चारही भाऊ एकाच दिवशी, एकाच मापानं म्हातारे? ताट तसंच ठेवून तो परत गेला. पहिल्या भोकात चमचाभर ऑइल सोडलं. रिंग झिजली असती तर ऑइलानं फट बुजून काटा चांगला वर गेला असता. त्यानं ठोका दिला, कारण बाई मागोमाग येऊन बसलीच होती. काटा जेमतेम दोन घरं सरकला.

रिंग ठीक. मग हवा गेली कुठे? तो वाकला, आणि उघड्या दारातून त्याला बायकोची चप्पल दिसली. पॅडलच्या बाजूला, आरामात, अंगठा हलवत.

"अगं, पाय!"

"बोललात!" बाई म्हणाली.

"पाय कुठाय तुझा? दाबला का नाहीस?"

"तुम्ही म्हणालात का? तीस वर्षं 'पाय' म्हटल्याशिवाय दाबलाय कधी?"

"अगं, तुझीच गाडी मरत होती! तुझा पाळणा!"

"मला वाटलं, नवीन पद्धत काढली असेल. ठोक्याची."

फोरमन आधी लाल झाला, मग त्याच्या पोटातून असं हसू आलं की गेज हातातून सुटून पंख्याच्या पट्ट्यात अडकलं. ते काढायला दोघांचे हात लागले. मग कवायत सुरू झाली, रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. "पाय! मार! बस!" एकशे पन्नास. एकशे अठ्ठेचाळीस. एकशे पंचेचाळीस. परत एकशे पन्नास. पंक्चरवाला टायर हातात घेऊन दारात उभा. "बोलतायत!" त्यानं पलीकडच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं.

"मग चढावर धापा का टाकते?" बाईनं विचारलं.

फोरमननं एअर फिल्टर उघडला. लोकांचे वेळच्या वेळी बदलणाऱ्या माणसाच्या गाडीत काळं घोंगडं निघालं. ते घोंगडं बाईनं उचलून पंक्चरवाल्याला दाखवलं, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली, टपावर पाळणा दोरीनं बांधून. घाटात निळी गाडी तिसऱ्या गिअरवर गुणगुणत चढली. फोरमननं सगळा रस्ता कान इंजिनाकडे लावला होता, बाईनं सगळा रस्ता तोंड बंद ठेवलं नाही. तीन दिवसांची बाकी होती.

मुलीच्या दारात बाईनं नातीला आधी घेतलं. फोरमन हात पुढे करून उभा.

"बाबा, हात धुवा. ऑइलचा वास येतोय."

तो धुऊन आला. मुलीनं हुंगलं. "परत."

तिसऱ्यांदा तो मोरीतून ओरडला, "आता साबणच संपला!"

"मग या," आतून बाई म्हणाली, "पण लवकर. झोपतेय ती."