पावती नसलेलं कूळ

बेलवलीतल्या नीलिमा दिघेशी वाद घालायला आमची अख्खी आळी टरकायची. एल्‌एल.बी. होऊन ती मुंबईच्या एका लॉ कॉलेजात प्राध्यापक दीनानाथांची संशोधन-सहायक झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता कुणाची धडगत नाही. पण कॉलेजात ती भलतंच शिकली. टिपण मांडताना आपल्या विरुद्ध जाणारा निकाल आधी वाचायचा, अशी तिथली शिस्त. भांडायला उभं राहायचं आणि आधी समोरच्याची बाजू सांगायची, हे आमच्या आळीच्या पचनी पडलं नाही.

१९५६ साली तिच्याकडे कुळांचा विषय आला. वर्षानुवर्षं दुसऱ्याची जमीन कसतो, पण हातात खंड भरल्याच्या पावतीचा चिटोरा नाही, असा माणूस कूळ ठरतो का? नीलिमानं निकाल उपसले. उत्तर निघालं, ठरतो. आणि कूळ ठरला की नव्या कायद्यानं ती जमीन त्याच्या मालकीची होणार होती. वांगणीला तिच्या आईचं, माईचं, माहेराकडून मिळालेलं भाताचं शेत होतं. तिथलाच चंदर ते कसायचा, पावतीशिवाय. घरचा वर्षाचा तांदूळ तिथूनच यायचा.

प्राध्यापकांपुढे टिपण मांडायला ती उभी राहिली आणि सगळ्यात आधी म्हणाली, "या प्रश्नात माझ्या घरचं शेत अडकलंय. माझं म्हणणं बरोबर असेल तर ते जाईल. म्हणून टिपण जरा जास्तच कसून तपासा."

मग विरुद्धचे निकाल, मग आपलं मत. खोदून खोदून प्रश्न विचारले गेले, आणि शेवटी दीनानाथांनी टिपण जसंच्या तसं स्वीकारलं. मला तर या बाईचं आजही कौतुक वाटतं.

घरी येऊन तिनं माईला सगळं सांगितलं. माईचे डोळे भरून आले. त्या शेतावर तिचा फार जीव. मग तिनं विचारलं, "कॉलेजात सांगितलंस ते बरं केलंस. पण तिथं चंदर होता का?"



रविवारी मायलेकी वांगणीला गेल्या. बांधावर बसून नीलिमानं चंदरला साध्या भाषेत कायदा समजावला. तो घाबरलाच. शेत काढून घ्यायला आल्या, असंच त्याला वाटलं. माझ्याजवळ तर कसला कागद नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला.

तेव्हा माई म्हणाली, "कागद नसू दे. हे शेत तूच कसतोस, असं मामलेदार कचेरीत येऊन मी सांगेन."