आधीही बौद्धच

बहात्तरच्या दुष्काळात आमचं सगळं घर उदगीरकडच्या रस्त्याच्या कामावर होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादा मोठे दगड फोडायचे, माय आणि मी खडी पाट्यांत भरायचो. सुट्टीच्या दिवशी एकदा दादा म्हणाले, "चला, आपलं जुनं घर दाखवतो."

ते घर म्हणजे डोंगरातली लेणी निघाली. आत अंधार, वटवाघळांचा वास, आणि भिंतीत मांडी घालून बसलेली, नाक झिजलेली एक बुद्धमूर्ती. दादांनी चप्पल बाहेर काढली, हात जोडले. मायही वाकली. ती माहूरगडाच्या पायथ्याची. लग्नाआधी तिच्या घरात रेणुकेचा देव्हारा होता. बौद्ध धर्माची दीक्षा घेतल्यावर तो नदीत गेला.

बाहेर एक म्हातारे शेतकरी बैलं चारत होते.

"कोण तुम्ही?"

"बौद्ध," दादा म्हणाले.

"हे नाव काल-परवाचं. आधी कोण होता?"

"आधी बी तेच होतो. मधी विसरलो होतो."

म्हाताऱ्यांनी काठी उचलली. "असंल," म्हणाले आणि बैलांमागं गेले.

उतरताना मायनं विचारलं, "हे आपलं घर होतं, तर आपण गावाबाहेर कसे आलो?"

"आधी नाव काढून घेतलं. मग घर."

त्या दिवसापासून 'आपण बौद्ध झालो' असं कुणी म्हटलं की दादा दुरुस्त करायचे, "परत झालो." मला तो शब्द फार आवडायचा. खडीनं सोललेल्या हातांची माणसं त्या एका शब्दानं हजारो वर्षांची होऊन जायची.

पुढं मी नांदेडला कॉलेजात इतिहास शिकले. त्याच सुमारास आमचा लातूर जिल्हा वेगळा झाला. सुट्टीत घरी आले तर दादा खुशीत होते. "बघ, जिल्ह्याचं नाव नवं, पण माती कवाची हाय? तसंच आपलं."

मी म्हणाले, "दादा, लेणी कोरणारे आपलेच पूर्वज, असं सांगणारा एकही शिलालेख नाही. नाव आपण निवडलं, आणि मग त्या नावाला शोभंल असा भूतकाळ शोधत राहिलो."

दादा चिडले नाहीत. "आमच्याबद्दल दगडावर कोण लिहिणार होतं? ज्यांच्या हातात छिन्नी दिली, त्यांच्या हातात लेखणी दिली होती का?"

पुढं मी इतिहासाची शिक्षिका झाले. वर्गात मी मुलांना आजही सांगते की लेणी कोरणाऱ्यांपासून आमच्यापर्यंत सलग धागा दाखवता येत नाही. सांगताना आवाज थोडा खाली येतो.

दादा गेल्यावर एका दुपारी मी मायला विचारलं, "तुला पटायचं का गं, त्यांचं ते जुनं घर?"

ती तांदूळ निवडत होती. "मला काय कळतंय त्यातलं? माझी आजी रेणुकेचीच गाणी म्हणत मेली. त्या जुन्या घरात तिला कुठं ठेवू, हे त्यांनी कधी सांगितलं न्हाई."

"मग ऐकत का बसायचीस?"

"ते सांगाया लागले की मान ताठ व्हायची त्यांची. कामावर दिवसभर खाली असायची ती. ती वर झालेली बघायला बसायची मी."

ती परत तांदूळ निवडू लागली. मला दादांशी तो वाद पुन्हा एकदा घालायचा होता, आणि या वेळी हरायचं होतं.